आरे कॉलनीत राहून दारू सोडायची आहे : आधारगट कसा शोधावा, पहिल्या दिवशी काय करावे

"दारू सोडायची आहे, पण जायचं कुठे?" आपल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा पिणारा विचारत नाही. त्याची बायको विचारते, आई विचारते, कधी शाळेत जाणारी मुलगी विचारते. रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर, हळू आवाजात विचारते. उत्तर म्हणून बहुधा एखाद्या केंद्राचे नाव किंवा एखाद्या बाबाचा पत्ता मिळतो. शपथ घालण्याचा सल्लाही मिळतो. हा लेख त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्यासाठी आहे. आरे कॉलनी आणि तिच्या आसपास गोरेगाव, जोगेश्वरी, मरोळ, पवई या भागांत राहणाऱ्या उपासक-उपासिकांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला असला, तरी यातील बरीचशी माहिती मुंबईतील कोणत्याही वस्तीला लागू पडेल.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेले ३७ जण घरातच राहतात. लाज, पैसा आणि माहितीचा अभाव ही त्यामागची मोठी कारणे आहेत.

आधी डॉक्टर, मग गट

आधारगटाची माहिती देण्याआधी एक गोष्ट सांगणे अत्यावश्यक आहे, कारण ती न कळल्याने माणसे दगावतात.

जो माणूस रोज आणि भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि एक क्वार्टर पोटात गेल्यावरच थांबतात, त्याने एका दिवसात दारू अचानक बंद करू नये. शपथ घेऊन नाही, कोंडून घालून नाही, देवळात किंवा विहारात बसवूनही नाही. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच घाम, थरथर, उलट्या आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होणे, माणसे न ओळखणे, ताप, बडबड अशी गंभीर अवस्था येऊ शकते. उपचार न मिळाल्यास ती जीवघेणी ठरते. घरच्यांना वाटते, याला भूतबाधा झाली किंवा हा नाटक करतो. प्रत्यक्षात मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती एकदम तोडल्याचा तो धक्का असतो.

डॉक्टर हा धक्का औषधांनी सौम्य करतात. थोड्या दिवसांसाठी गोळ्या देऊन त्यांचे प्रमाण हळूहळू कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. साधारण आठवडा-दहा दिवसांत शरीर दारूशिवाय राहायला शिकते. यापूर्वी फिट आली असेल, भास झाले असतील, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर रुग्णालयात भरती होणेच योग्य.

आरेतील रहिवाशांसाठी महापालिकेचे मोठे ठिकाण म्हणजे विलेपार्ले पश्चिमेकडील डॉ. आर. एन. कूपर रुग्णालय. तेथील मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केसपेपर काढून दाखवता येते. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथेही मनोविकार विभाग आहेत. 'मनोविकार' हा शब्द वाचून बिचकू नये. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्याचा डॉक्टर त्याच खोलीत बसतो. फिट आली किंवा माणूस शुद्धीवर नसेल तर बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

हातभट्टीबद्दलही इथेच सांगायला हवे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला. मरणारे बहुतेक रोजंदारीवर पोट भरणारे होते. पैसे कमी पडले की व्यसनी माणूस स्वस्त दारूकडे वळतो, आणि तिच्यात मिथेनॉल आहे की नाही हे रंगावरून, वासावरून कळत नाही. प्यायल्यानंतर काही तासांनी डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागले, पोटात प्रचंड दुखू लागले, श्वास जड झाला, तर 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून झोपवू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आधारगट म्हणजे काय

औषधाने शरीरातली दारू उतरते. मात्र पगाराच्या दिवशी अड्ड्यावरून जाताना पाय का वळतात, याचे उत्तर गोळीत नसते. तिथे आधारगट लागतो.

जगात सर्वाधिक पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, ज्याला सगळे 'एए' म्हणतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहू लागले. त्यातून ही चळवळ उभी राहिली. मुंबईत ती १९५७ पासून आहे.

एएची रीत साधी आहे. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. पूर्ण नाव सांगावे लागत नाही, जात-धर्म कोणी विचारत नाही. साधारण तास-दीड तासाच्या सभेत एकेक जण उठून आपला अनुभव सांगतो. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही काहीही न बोलता बसलात तरी चालते. शेवटी चहा असतो आणि एक पेटी फिरते. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, नवख्याने टाकलेच पाहिजेत असे नाही. गट बाहेरची देणगी घेत नाही, त्यामुळे कुणा पुढाऱ्याचे उपकारही होत नाहीत.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेला घरची माणसे, विद्यार्थी, कार्यकर्ते कोणीही येऊ शकते. बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते. काही काळाने नवखा माणूस एखाद्या जुन्या सदस्याला आपला 'स्पॉन्सर' करतो. रात्री अकराला तल्लफ आली तर ज्याला फोन करता येतो, तो हा माणूस. नवऱ्याच्या व्यसनात सगळ्यात जास्त एकटी पडते ती बायको, आणि पिणाऱ्याला सगळ्यात एकटे वाटते ते सोडल्यानंतर. दोघांनाही फोन उचलणारे कुणीतरी लागते.

याने फरक पडतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे नेणारे पद्धतशीर उपचार हे इतर मान्य मानसोपचारांपेक्षा कमी तर नाहीतच, अनेकदा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला किंमत नसते, हा समज इथे खोटा ठरतो.

आरेतून गट कसा गाठावा

आरे कॉलनी सुमारे १,३०० हेक्टरवर पसरलेली आहे. २७ आदिवासी पाडे, तबेल्यांची युनिटे, कामगारांच्या चाळी, झोपडपट्ट्या असे तिचे रूप आहे. मुंबईच्या मधोमध असूनही अनेक पाड्यांतून मुख्य रस्त्याला यायला बराच वेळ चालावे लागते. म्हणून 'सर्वांत जवळचा' गट नकाशावर पाहून ठरवू नये. आपण कोणत्या बाजूने बाहेर पडतो ते पाहावे. चेकनाक्याकडून बाहेर पडणाऱ्यांना गोरेगाव व मालाड सोयीचे. मरोळच्या बाजूने बाहेर पडणाऱ्यांना अंधेरी व जोगेश्वरी. पवईच्या बाजूने राहणाऱ्यांना पवई, विक्रोळी, कांजूरमार्ग. मेट्रोने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : द्रुतगती महामार्गावरचे 'आरे' स्थानक लाइन ७ चे आहे आणि 'आरे जेव्हीएलआर' हे लाइन ३ चे. दोन्हींत बरेच अंतर आहे.

शोधण्याची पायरी-पायरीने पद्धत अशी :

१. १४४४६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. 'गोरेगाव पूर्व, आरे कॉलनी' असे सांगून सरकारी अनुदानावर चालणारे जवळचे केंद्र विचारा. मन फार खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ ही टेलिमानस मदतवाहिनी आहे. तिथे मराठीत बोलता येते.

२. एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा मदतवाहिनीवर गटांची यादी विचारा. गटाची जागा आणि वेळ बदलत असते, त्यामुळे कुणाकडून मिळालेल्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत येऊ नका. निघण्याआधी फोन करा.

३. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. मनोविकार विभागात उपचार सुरू असतील तर समाजसेवकाकडे कोणत्या गटात मराठी बोलतात, कोणत्या गटात हिंदी, ही माहिती असते.

४. फोनवर चार प्रश्न विचारा. भाषा कोणती? सभा खुली की बंद? वार आणि वेळ कोणती? पहिल्यांदा येणाऱ्याला फाटकापाशी घ्यायला कोणी येईल का? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. एएचे सदस्य नवख्याला घ्यायला आनंदाने येतात. ते त्यांच्या स्वतःच्या दारूमुक्तीचाच भाग मानले जाते.

५. एका सभेवरून मत बनवू नका. दोन-तीन वेगळे गट पाहा, किमान सहा सभांना बसा. एका गटात इंग्रजी जास्त असेल, दुसऱ्यात आपल्यासारखी कामगार माणसे भेटतील.

वेळेचा प्रश्न आरेत वेगळाच आहे. बहुतेक सभा संध्याकाळी असतात. रात्री आरेतील आतले रस्ते अंधारे, आणि बिबट्याचा वावर इथे रोजचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला, हे इथले रहिवासी विसरलेले नाहीत. म्हणून शक्य तर रविवार सकाळची सभा निवडा, किंवा कामावरून सुटल्यावर घरी न जाता थेट कामाच्या ठिकाणाजवळच्या सभेला बसा आणि सोबतीने परता. दुसरा पर्याय मोबाईलवरच्या ऑनलाइन सभांचा. करोनाच्या काळापासून त्या वाढल्या आहेत आणि रात्रपाळी करणाऱ्यांना, पाड्यात अडकलेल्यांना त्या उपयोगी पडतात.

ओळखीची भीतीही खरी असते. चाळीत एकाला कळले की सगळ्यांना कळते. अशा वेळी मुद्दाम दोन स्थानके पलीकडचा गट निवडला तरी हरकत नाही. बसभाड्याचे वीस-तीस रुपये जातील, पण मन मोकळे राहील.

'ईश्वर' हा शब्द आला तर?

आपल्या वाचकांपैकी अनेक जण इथेच अडतात. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, सभेच्या शेवटी प्रार्थना असते आणि मुंबईतल्या कितीतरी सभा चर्चच्या किंवा चर्चच्या शाळेच्या खोलीत भरतात. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्यांना प्रश्न पडणारच, की आपण कुठे आलो?

तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, खोली भाड्याने घेतलेली असते. गटाचा कोणत्याही धर्मसंस्थेशी संबंध नसतो. दुसरी, एएच्या पायऱ्यांमध्येच 'ज्याला जसा उमगला तसा' अशी सूट ठेवली आहे. जगभरातील निरीश्वरवादी आणि बौद्ध सदस्य 'आपल्याहून मोठी शक्ती' या जागी गटालाच मानतात. बौद्धाला ही कल्पना परकी नाही. तीन शरणांतले तिसरे शरण संघाचेच आहे. एकट्याच्या बळावर न जमलेली गोष्ट सोबत्यांच्या आधाराने जमते, एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी पुरेसे आहे. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, दुसरे पर्यायही आहेत. 'रिकव्हरी धर्मा' ही २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली गटचळवळ चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग आणि ध्यान यांवर उभी आहे. तिच्या ऑनलाइन सभा असतात, बहुतेक इंग्रजीत. 'स्मार्ट रिकव्हरी' ही १९९४ पासूनची चळवळ धर्माचा आधार न घेता विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धतीवर चालते. मराठीत बोलायचे असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव घ्यावेच लागते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते उभे केले. तिथे निवासी उपचारांनंतर पाठपुराव्याची रीत आहे, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. मुंबईत वांद्र्यातून १९८१ मध्ये सुरू झालेले कृपा फाउंडेशन योगासने आणि एएच्या पायऱ्या यांची सांगड घालते.

विपश्यनेबद्दल एक सूचना. दहा दिवसांचे शिबिर दारू उतरवण्याचे ठिकाण नव्हे. शरीर थरथरत असताना तिथे पाठवणे धोक्याचे आहे. आधी उपचार, मग काही महिने स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून शिबिर.

घरच्या माणसांसाठी

पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही आजच मदत घेऊ शकता. 'अल-अनॉन' हे मद्यपींच्या नातेवाइकांचे गट आहेत, त्यांच्याही सभा मुंबईत होतात. तिथे नवऱ्याला कसे सुधारावे हे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्यामागे आपले आयुष्य कसे फरफटत नेऊ नये, हे शिकता येते.

काही गोष्टी टाळाव्यात. त्याच्या वतीने मुकादमाला खोटी कारणे सांगणे, उधारी फेडणे, प्यायलेला असताना भांडण काढणे. बोलायचे असेल तर सकाळी, शुद्धीवर असताना बोलावे.

जेवणात किंवा चहात गुपचूप औषध घालणे कधीही करू नये. भिंतींवर, व्हॉट्सअॅपवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. दारूबरोबर त्रास देणारे एक औषध डॉक्टर खरोखर देतात, पण ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून. त्याला न कळता ते दिले आणि तो वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

मारहाण होत असेल तर तो 'व्यसनाचा भाग' म्हणून सहन करण्याची गरज नाही. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. आणि पिणारी व्यक्ती स्त्री असेल, तर तिला दुप्पट लाज वाटते हे लक्षात घेऊन, केवळ स्त्रियांची सभा आहे का हे मुद्दाम विचारावे.

केंद्र निवडताना सावध

घरातून उचलून नेणारे, बांधून ठेवणारे, महिनोन्महिने भेटू न देणारे केंद्र टाळा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा दारूशी संबंधित आजारालाही लागू होतो आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. पैसे भरण्याआधी विचारा : नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? घरच्यांना भेटता येते का? बाहेर पडल्यानंतर पाठपुरावा आहे का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून परत फिरा.

विहाराने काय करावे

आता थोडे आपल्याबद्दल. पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले आहेत : धनाची हानी, कलह, रोग, अपकीर्ती, लाज सोडणे आणि बुद्धी दुबळी होणे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचा त्याग आहे. हे सगळे आपल्याला पाठ आहे. तरी जयंतीच्या मिरवणुकीत कोण पिऊन नाचतो हेही आपल्याला माहीत आहे.

घडते असे की शील पाठ असल्यामुळेच पिणारा विहारापासून दूर राहतो. 'मी कोणत्या तोंडाने जाऊ?' असे त्याला वाटते, आणि आपणही त्याला तसे वाटू देतो. पण प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हटले आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. ती एकदा घेऊन संपत नाही, म्हणूनच आपण ती दर वेळी नव्याने घेतो. संयुत्त निकायात सरकानि नावाच्या शाक्याची हकिकत आहे. तो दारू प्यायचा. तो वारल्यावर तथागतांनी त्याला स्रोतापन्न म्हटले, तेव्हा इतर शाक्य कुरकुरले, की मग कोण होणार नाही? तथागतांनी दारूचे समर्थन केले नाही. मात्र दीर्घकाळ शरण गेलेल्या आणि अखेरच्या वेळी शिक्षा स्वीकारलेल्या त्या माणसाला त्यांनी त्याच्या पिण्यावरून मोजले नाही.

विहार समितीला फार खर्च न करता चार गोष्टी करता येतील. आठवड्यातून एक संध्याकाळ खोली आधारगटाला द्यावी. भाडे नाममात्र घ्यावे, कारण एएचे गट फुकट जागा घेणे टाळतात. त्या सभेत समितीच्या माणसांनी बसू नये, नावे विचारू नयेत. सूचनाफलकावर १४४४६ आणि १४४१६ हे क्रमांक लावावेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एखाद्या डॉक्टरांना बोलवून माहिती द्यावी. आणि १४ एप्रिल, ३१ डिसेंबर, हळदी-लग्न या दिवसांत नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला काम द्यावे : पाणीवाटप, पुस्तकांचा स्टॉल, मुलांची रांग. रिकामा बसला की पाय वळतात. आरेतील पाड्यांवरचे आदिवासी बांधव बौद्ध नसले तरी गटाचे दार त्यांनाही तितकेच उघडे असावे.

पुन्हा प्यायले तर

बरेच जण पुन्हा एकदा तरी पितात. त्यावरून उपचार फुकट गेला असे ठरत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गटात परत जावे आणि सांगावे. गटात कोणी हसत नाही, कारण तिथल्या अनेकांनी तेच केलेले असते. घरच्यांनी 'बघ, म्हटलं होतं ना' हे वाक्य गिळावे. बराच काळ दारू बंद होती आणि पुन्हा रोज पिणे सुरू झाले असेल, तर थांबवतानाही पुन्हा डॉक्टरांकडूनच सुरुवात करावी.

जुने सदस्य नवख्याला चार शब्द सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. तल्लफ आली की यांतले काय झाले आहे ते पाहावे. जेवावे, झोपावे, फोन करावा. आयुष्यभर सोडायची असे म्हटले की छाती दडपते. म्हणून ते फक्त आजच्या दिवसाचे बोलतात. आज प्यायची नाही, उद्याचे उद्या.

जवळ ठेवण्याचे क्रमांक

व्यसनमुक्ती मदतवाहिनी : १४४४६
टेलिमानस, मानसिक आधार : १४४१६
रुग्णवाहिका : १०८
महिला मदतवाहिनी : १८१
पोलीस व आपत्कालीन मदत : ११२

हा लेख ज्याला पाठवायचा आहे त्याला रात्री पाठवू नका. सकाळी पाठवा, आणि सोबत एवढेच लिहा : 'पहिल्या सभेला मी बरोबर येतो.'

जय भीम.